उसन्या घड्याळाची जबानी

संगणकाविषयी येणाऱ्या तक्रारींत ‘बंद पडला’ ही तक्रार सर्वांत सोपी आणि ‘मंद चालतो’ ही सर्वांत बिकट होय. बंद पडलेले यंत्र आपण बंद आहोत एवढे तरी प्रामाणिकपणे कबूल करते. मंद झालेले यंत्र मात्र सर्व दिवे हिरवे दाखवीत, प्रत्येक चाचणीस होकार देत, आणि तरीही एक साधे बिल काढावयास पाऊण मिनिट लावीत उभे राहते, आणि ज्या कारभाऱ्याकडे ही फिर्याद येते त्याच्या हाती वापरणाऱ्याच्या वैतागापलीकडे पुरावा म्हणून काहीच नसते. त्यातून ते यंत्र खरेखुरे नसून आभासी असेल, म्हणजे एका मोठ्या संगणकाच्या पोटात इतर दहा-वीस भावंडांसह नांदणारे आणि ज्यास सर्व कारभारी मंडळी नुसते ‘व्हीएम’ म्हणतात असे असेल, तर चौकशीला निराळेच वळण लागते. कारण येथे फिर्यादी, साक्षीदार आणि ज्यावरून घटनेची वेळ ठरवावयाची ते घड्याळ, ही तिन्ही ज्याच्यावर संशय घ्यावयाचा त्याच्याच ताब्यात असतात.

आभासी यंत्राची कल्पना काही काल-परवाची नव्हे. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे आयबीएमचे एक शास्त्रीय केंद्र होते. तेथे रॉबर्ट क्रीझी यांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली हाती घेतलेले काम १९६७ च्या जानेवारीत ‘सीपी-४०’ या नावाने प्रत्यक्ष वापरात आले, आणि खास फेरफार केलेल्या सिस्टिम/३६० जातीच्या एका यंत्रात चौदापर्यंत स्वतंत्र यंत्रे अशा रीतीने नांदू लागली, की त्यांतील प्रत्येकास सगळ्या वाड्याचे धनी आपणच आहोत असे वाटावे. १९७२ च्या ऑगस्टमध्ये हीच कल्पना ‘व्हीएम/३७०’ या रूपाने जाहीर झाली. या जुन्या पद्धतीतील एक बारीकसा तपशील आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. वापरणाऱ्याने दिलेली आज्ञा पुरी झाली की ‘रेडी’ अशी एक ओळ उमटे आणि तिच्यापुढे, मध्ये तिरकी रेघ घालून, वेळेचे दोन आकडे छापलेले असत: पहिला आकडा तुमच्या आभासी यंत्राने स्वतः खर्च केलेल्या प्रोसेसरच्या वेळेचा, आणि दुसरा, तुमच्या वतीने वरच्या नियंत्रकाने केलेला खर्चही त्यात मिळवून आलेल्या एकूण बेरजेचा. दोन आकड्यांत अंतर वाढू लागले की आपल्या कामापेक्षा आपल्या कामाची व्यवस्था महाग पडत आहे हे कोणासही, शास्त्र न शिकता, कळत असे. पुढील काळात सोयी शतपट वाढल्या, पण वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर प्रत्येक आज्ञेनंतर हा दुहेरी हिशेब मांडण्याची सभ्यता मात्र मागे पडली.

मध्यस्थ आला म्हणजे दिरंगाई आलीच, हा जो सार्वत्रिक समज आहे तो येथे फारसा लागू पडत नाही, हेही आरंभीच सांगितले पाहिजे. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ साली आभासी यंत्राच्या ज्या कसोट्या घालून दिल्या त्यांपैकी एक अशी होती, की अतिथी, म्हणजे आभासी, यंत्राच्या बहुतेक सर्व आज्ञा नियंत्रकाच्या मध्यस्थीवाचून थेट खऱ्या प्रोसेसरवरच चालल्या पाहिजेत. इंटेल घराण्याच्या प्रोसेसरांतील काही आज्ञा या चौकटीत बसत नव्हत्या. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने अशा आज्ञा चालता चालताच बदलून घेण्याची युक्ती काढून तो अडसर ओलांडला, आणि २००५-०६ च्या सुमारास इंटेल व एएमडी या दोघांनीही प्रोसेसरातच आभासीकरणाची सोय करून दिली. तेव्हा आज एखादा सर्व्हर मंद झाला असता ‘तो आभासी आहे ना, म्हणून’ एवढ्यावर निकाल देणे हा चौकशी टाळण्याचा एक प्रकार आहे. आभासीपणा स्वतः वेळ खातो तो थोडा; पुष्कळसा वेळ जातो तो वाटणीत, आणि वाटणीचा तक्ता अतिथीच्या दप्तरात नसतो.

अतिथी यंत्र आपला वेळ कसा मोजते ते पाहिले म्हणजे हे स्पष्ट होईल. कोणतीही कार्यप्रणाली ठराविक अंतराने येणाऱ्या ठोक्यांवर भिस्त ठेवते. ठोका पडला की त्या क्षणी जो प्रोग्राम चालू असेल त्याच्या खात्यावर तेवढा वेळ टाकावयाचा, असा तिचा साधारण रिवाज. आता नियंत्रकाने, म्हणजे हायपरव्हायजरने, तिच्याकडील प्रोसेसर काढून घेऊन दुसऱ्या अतिथीस दिला, तर ही गोष्ट तिला कळविण्याचे बंधन त्याच्यावर नसते. ती निद्रिस्त होते आणि आपण निद्रिस्त झालो होतो याची तिला शुद्धही नसते. जागी होऊन पाहते तो घड्याळ पुढे सरकलेले, आणि मधला सारा वेळ ती बिचारी त्या वेळी हातात असलेल्या प्रोग्रामच्या नावे मांडून मोकळी होते. परिणाम असा, की अतिथीच्या आत ‘हा डेटाबेस प्रोसेसर शंभर टक्के खात आहे’ अशी नोंद दिसते, आणि प्रत्यक्षात त्या डेटाबेसला मिळालेला वेळ निम्माच असू शकतो. ज्याचा घास काढून घेतला त्याच्यावरच अधाशीपणाचा आरोप यावा, असा हा प्रकार आहे. लिनक्सच्या हिशेबात २.६.११ या आवृत्तीपासून ‘स्टील’ नावाचा एक निराळा रकाना आहे, आणि ‘टॉप’ ही आज्ञा दिली असता तो ‘एसटी’ या दोन अक्षरांखाली दिसतो. आपण चालावयास तयार असता नियंत्रकाने दुसरीकडे वळविलेला वेळ त्यात येतो. परंतु हा रकाना भरावयाचा की नाही हे नियंत्रकाच्या मर्जीवर असते. झेन आणि केव्हीएम या पद्धतींत तो भरला जातो, व्हीएमवेअरच्या पद्धतीत तो पुष्कळदा कोरा शून्य असतो, आणि असे शून्य पाहून निश्चिंत झालेल्या कारभाऱ्यांची संख्या थोडी नाही.

म्हणून खरी चौकशी यजमानाकडे, म्हणजे या अतिथींना पोटात घेतलेल्या मोठ्या संगणकाकडे, केली पाहिजे. यजमानाच्या दृष्टीने प्रत्येक आभासी प्रोसेसर कोणत्याही क्षणी चारांपैकी एका अवस्थेत असतो: चालू असतो, किंवा करावयास काम नाही अथवा डिस्कची वाट पाहावयाची आहे म्हणून स्वस्थ असतो, किंवा काम आहे, तयारीही आहे, पण खरा प्रोसेसर रिकामा नाही म्हणून तिष्ठत असतो, किंवा स्वतःचा काही दोष नसता भावंडांसाठी थांबवून ठेवलेला असतो. यांतील तिष्ठण्याच्या अवस्थेस ‘रेडी’ म्हणतात, आणि व्हीएमवेअरच्या कारभारात मंदपणाची झडती घ्यावयाची झाल्यास पहिला हात घालावयाचा तो याच रकान्यात. नवख्यास हे नाव फसवे वाटते. तयार असणे हा गुण आहे, तो आकडा मोठा असला तर चांगलेच, असे समजून चालणारे आम्ही पाहिले आहेत.

या आकड्याचे वाचनही सरळ नाही. यजमानावर थेट ‘ईएसएक्सटॉप’ ही आज्ञा चालविली तर रेडीचे प्रमाण टक्केवारीने मिळते. पण व्हीसेंटर या व्हीएमवेअरच्याच कारभार पाहणाऱ्या प्रोग्रामच्या आलेखात तेच मिलिसेकंदांत, एका नमुन्याच्या अवधीतील बेरीज म्हणून मिळते. चालू क्षणाच्या आलेखात एक नमुना २० सेकंदांचा, म्हणजे २०,००० मिलिसेकंदांचा असतो. तेव्हा एका प्रोसेसरच्या यंत्रापुढे २,००० असा आकडा दिसला तर त्याचा दहावा हिस्सा वेळ नुसता ताटकळण्यात गेला असे समजावे. दिवसाच्या आलेखात मात्र एक नमुना पाच मिनिटांचा असतो, आणि तेथे तेच २,००० एक टक्क्याहूनही कमी ठरतात. आठवड्याच्या आलेखात अर्ध्या तासाचा नमुना असल्याने ६०,००० सारखा भयंकर आकडा जेमतेम सव्वातीन टक्के भरतो. शिवाय यंत्रास चार आभासी प्रोसेसर असतील तर दाखविलेली बेरीज चौघांची असते, ती चाराने भागावी लागते. दर प्रोसेसरमागे पाच टक्क्यांपर्यंत कोणी फिकीर करीत नाही आणि दहाच्या पुढे गेल्यावर वापरणारे फोन करू लागतात, असा व्यवहारातील ढोबळ अनुभव आहे. परंतु भागाकार न करता घाबरलेले आणि भागाकार चुकवून निर्धास्त राहिलेले, असे दोन्ही पक्ष प्रत्येक कचेरीत असतात.

असे समजा, की एका संस्थेचा वेतनपत्रकाचा सर्व्हर आहे. सोळा गाभ्यांच्या, म्हणजे कोरच्या, यजमानावर तो इतर डझनभर यंत्रांच्या संगतीने राहतो, त्यास दोन आभासी प्रोसेसर दिलेले आहेत, आणि महिनाअखेर तो मंद होतो. कारभारी अतिथीच्या आत पाहतो. प्रोसेसर शंभर टक्के व्यग्र. उपाय उघड दिसतो: दोनाचे चार करावे. ते केल्यावर काम किंचित आणखी रेंगाळते. मग चाराचे आठ होतात, आणि आता वेतनपत्रक पूर्वी लागत होता त्याहून दीडपट वेळ घेते. कारभारी चक्रावून जातो, कारण खऱ्या यंत्राच्या जगात प्रोसेसर वाढविल्याने काम मंदावल्याचे त्याने कधी ऐकलेले नसते. आभासी जगात मात्र हे नियमाला धरूनच आहे. आठ प्रोसेसरांच्या अतिथीची अशी श्रद्धा असते की आपले आठही प्रोसेसर बरोबरीने पुढे सरकत आहेत. त्यांतील एकाने एखादे कुलूप हाती धरले असता नेमका तोच बाजूस काढला गेला, तर उरलेले सात त्या कुलपाभोवती निष्फळ घिरट्या घालीत बसतात. म्हणून नियंत्रक कोणासही फार मागे पडू देत नाही, आणि एखादा मागे पडलाच तर पुढे गेलेल्यांना थांबवून धरतो. ही जी चौथी अवस्था, तिला ‘को-स्टॉप’ म्हणतात. न्यायाधीश आहेत, वादी आहे, त्याचे वकील आहेत, पण प्रतिवादीचे वकील दुसऱ्या कोर्टात गुंतले आहेत म्हणून सर्वांनाच पुढची तारीख मिळावी, आणि पक्षकार जितके अधिक तितका तारखा पडण्याचा संभव अधिक व्हावा, तसे हे आहे. व्हीएमवेअरच्या प्रारंभीच्या आवृत्त्यांत ही अट फारच कडक होती, यंत्रास जितके प्रोसेसर तितके गाभे एकाच क्षणी रिकामे व्हावे लागत. २००६ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ती बरीच सैल झाली, पण नाहीशी झालेली नाही. त्यातून वेतनपत्रकाचे काम एकाच धाग्यावर चालणारे असेल, तर आठांपैकी सात प्रोसेसर त्याला कधी उपयोगीच पडणार नव्हते; ते केवळ रांगेतील गर्दी वाढवून शेजाऱ्यांचीही तिष्ठण्याची मुदत लांबवीत होते. अशा ठिकाणी आठाचे दोन करणे हाच उपचार, आणि तो वरिष्ठांच्या गळी उतरविणे हे निदानापेक्षा कठीण काम. ‘सर्व्हर मंद आहे आणि तुम्ही त्याचे प्रोसेसर काढून घेता?’ हा प्रश्न विचारला गेला नाही असे कार्यालय दुर्मिळ.

येथे रांगेच्या गणिताविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीशी संबंध आलेले डॅनिश गणिती आग्नर एर्लांग यांनी १९०९ साली टेलिफोन-संभाषणांच्या संभाव्यतेवर जो निबंध लिहिला, त्यातून ज्या शास्त्राचा उगम झाला त्यातील एक साधे सूत्र असे, की कामे अनियमितपणे येत असतील आणि काम करणारा एकच असेल, तर तो निम्मा वेळ गुंतलेला असताना प्रत्येक काम मूळ वेळेच्या दुप्पट वेळाने पुरे होते. गुंतवणूक ८० टक्के झाली की पाचपट, ९० झाली की दहापट, आणि ९५ ला वीसपट. म्हणजे ९० वरून ९५ वर जाताना यंत्राने काम जेमतेम एका आण्याने जास्त केलेले असते, पण वापरणाऱ्याची प्रतीक्षा दुपटीने वाढलेली असते. गाभे अनेक असले की हा चढ उशिरा सुरू होतो. परंतु सुरू झाला की तितकाच उभा असतो. ‘यजमान फक्त ८५ टक्के वापरात आहे, अजून जागा आहे’ हे वाक्य म्हणूनच बेहिशेबी आहे. वापराचा आकडा खर्चाच्या चौकशीत उपयोगी, मंदपणाच्या चौकशीत नव्हे. मंदपणाच्या चौकशीत कोण कोणासाठी किती थांबला एवढेच मोजावे, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि या प्रकरणात पुढे जे येते ते याच एका मताचा विस्तार आहे.

स्मृतीच्या, म्हणजे रॅमच्या, बाबतीत नियंत्रकाची अडचण निराळी असते. अतिथीने एकदा वापरलेले पान, म्हणजे स्मृतीचा एक ठराविक तुकडा, पुढे सोडून दिले तरी ते सोडल्याची वर्दी वर जात नाही. त्यामुळे यजमानाच्या वहीत सर्व अतिथी सदैव पोट भरून बसलेले दिसतात. कार्ल वाल्डस्पर्गर यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात यावर जी तोड सांगितली तिचे कौतुक आजही कमी झालेले नाही. अतिथीच्या आत एक हस्तक पेरून ठेवावयाचा. यजमानास तंगी भासली की हा हस्तक फुग्यासारखा फुगतो, म्हणजे अतिथीच्याच कार्यप्रणालीकडे रॅमची मागणी करतो, आणि ती कार्यप्रणाली आपल्याजवळील अगदी कमी गरजेची पाने त्याच्या स्वाधीन करते. ती पाने मग यजमान दुसऱ्यास देतो. कोणते पान निरुपयोगी हे बाहेरच्यास कळणे शक्य नसते, म्हणून तो निर्णय घरच्या माणसाकडूनच करवून घेण्यात या युक्तीचे मर्म आहे. खरोखर किती पाने वापरात आहेत याचा अंदाजही त्यांनी नमुन्याने काढला: दर ३० सेकंदांत यदृच्छेने १०० पाने निवडावयाची आणि त्यांतील कितींना हात लागला ते पाहावयाचे.

हा हस्तक अतिथीत बसविलेलाच नसेल, किंवा तंगी इतकी अचानक यावी की त्यास फुगावयास सवड मिळू नये, तर यजमान आंधळेपणाने अतिथीची पाने डिस्कवर टाकू लागतो, आणि मग जे घडते ते पाहण्यासारखे असते. अतिथी आपल्या परीने विचार करून एक जुने पान डिस्कवर लिहावयास काढतो. ते पान यजमानाने आधीच डिस्कवर टाकलेले असते. तेव्हा पुन्हा डिस्कवर टाकता यावे एवढ्याचसाठी ते प्रथम डिस्कवरून वर आणावे लागते. अशा वेळी अतिथीच्या आत पाहिले तर यजमानाकडील रॅमची टंचाई मुळीच दिसत नाही.

याहूनही मासलेवाईक प्रकार विस्मृत हुकुमाचा. आभासी यंत्रे बहुधा एका नमुना-यंत्राच्या प्रती काढून तयार करतात, ज्यास ‘टेम्प्लेट’ म्हणतात. कोणे एके काळी कोणीतरी त्या नमुन्यावर रॅमची कमाल मर्यादा २ गिगाबाइट अशी घालून ठेवलेली असते, त्या काळी ती योग्यही असते. पुढे प्रती निघतात, त्यांतील एकीस ८ गिगाबाइट रॅम दिली जाते, पण मर्यादेचा रकाना निराळ्या पानावर असल्याने तो कोणी उघडीत नाही. आता अतिथीस आपल्याजवळ ८ आहेत असे दिसते, यजमान २ च्या वर एक पानही देत नाही, आणि मधले ६ गिगाबाइट फुग्याने व डिस्कने भरून काढले जातात. यजमानावर शंभर गिगाबाइट रॅम मोकळी पडलेली असली तरी त्याचा काही उपयोग नाही. हुकूम देणारा नोकरी सोडून गेलेला असतो, अंमल मात्र चालू असतो. म्हणून ज्या यजमानावर रॅमची मुबलकता आहे तेथे एखाद्याच यंत्राचा फुगा फुगलेला दिसला, तर इतर सर्व तर्क तहकूब ठेवून प्रथम मर्यादेचा रकाना पाहावा.

डिस्कपाशी आले की पुन्हा घूर्णनाचे जुने यंत्रशास्त्र आडवे येते. मिनिटास ७,२०० फेरे घेणारी तबकडी एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लावते, म्हणजे हवी ती जागा वाचकशीर्षाखाली येण्यास सरासरीने ४.२ मिलिसेकंद, आणि शीर्ष हलविण्याचा वेळ त्याहून निराळा. एकच यंत्र ओळीने वाचीत असेल तर हा भुर्दंड क्वचितच पडतो. पण वीस अतिथींनी प्रत्येकी आपापल्या परीने अगदी शिस्तीत, ओळीने वाचावयाचे ठरविले तरी यजमानाच्या खाली पोहोचेपर्यंत त्या वीस शिस्तशीर ओळींचा एक बेशिस्त गुंता झालेला असतो, आणि तबकडीस प्रत्येक मागणीसाठी नवी धाव घ्यावी लागते. फिरत्या तबकड्यांची जागा आता पुष्कळ ठिकाणी घन स्मृतीच्या डिस्कांनी घेतली असल्याने धाव संपली, रांग राहिली. ही रांग कोठे आहे ते ईएसएक्सटॉप तीन रकान्यांत सांगतो: अतिथीने सोसलेला एकूण विलंब ‘जीएव्हीजी’मध्ये, त्यांपैकी उपकरणाने घेतलेला ‘डीएव्हीजी’मध्ये, आणि नियंत्रकाच्या स्वतःच्या दाराशी अडलेला ‘केएव्हीजी’मध्ये. शेवटचा शून्याच्या जवळ असावा. तो दोन मिलिसेकंदांवर जाऊ लागला की मागण्या यजमानाच्या उंबरठ्यावरच खोळंबल्या आहेत आणि स्टोरेजवाल्यांशी भांडण्यात अर्थ नाही. उलट पहिला वाढलेला, दुसरा वाढलेला आणि तिसरा शून्य, असे असेल तर खुशाल त्यांच्या दारी जावे.

तेथे गेल्यावर काय सापडेल याचा मात्र नेम नाही. ब्रेंडन ग्रेग हे सन मायक्रोसिस्टिम्समध्ये कामास असता २००८ च्या अखेरीस त्यांनी डिस्कांच्या कपाटापुढे उभे राहून त्या डिस्कांवर अक्षरशः ओरडून दाखविले, आणि त्या ओरडण्याच्या कंपनांनी डिस्कांचा विलंब ताबडतोब वाढल्याचे शेजारच्या पडद्यावरील आलेखात दिसले. ती चित्रफीत पुढे जगभर पाहिली गेली. विनोद बाजूस ठेवला तरी त्यातील आलेख पाहण्याजोगा आहे, कारण तो सरासरीचा नव्हता. प्रत्येक क्षणी कोणत्या विलंबाच्या किती मागण्या होत्या हे तो ठिपक्यांनी दाखवीत होता, आणि म्हणूनच उरलेल्या मागण्या सुरळीत चालू असता थोड्याशाच विलक्षण रेंगाळल्या हे दिसू शकले. सरासरी ही गोष्ट दडपून टाकते. शंभर मागण्यांपैकी ९९ एका मिलिसेकंदात पुऱ्या झाल्या आणि एकीस ४०० लागले, तर सरासरी पाचच भरते आणि अहवालात ती उत्तम दिसते. पण पडद्यावरील ज्या पानासाठी अशा शंभर मागण्या कराव्या लागतात ते उघडताना निदान एक तरी रेंगाळलेली मागणी वाट्यास येण्याचा संभव शंभरात ६३ आहे. वापरणारा जेव्हा ‘नेहमीच मंद’ म्हणतो आणि कारभारी ‘आकडे ठीक आहेत’ म्हणतो, तेव्हा दोघेही खरे बोलत असू शकतात.

जाळ्याविषयी, म्हणजे नेटवर्कविषयी, फार लिहावयाचे कारण नाही. आभासी यंत्राची पाकिटे गळू लागली तर पुष्कळदा ती उचलण्यास प्रोसेसरच वेळेवर मिळालेला नसतो, आणि चौकशी परत रेडीच्या रकान्याशी येते. प्रोसेसरविषयीच आणखी एक: यजमानाच्या बायॉसमध्ये वीज वाचविण्याची सक्त आज्ञा राहून गेल्याने नवे महागडे यंत्र जुन्याहून सुस्त चालावे, हाही प्रकार वारंवार घडतो.

चौकशीच्या क्रमाविषयी मात्र थोडे सांगितले पाहिजे, कारण बहुतेक चौकश्या रकान्यांच्या अज्ञानाने नव्हे तर क्रमाच्या अभावाने फसतात. याच ग्रेग यांनी २०१२ साली मांडलेली एक पद्धत प्रसिद्ध आहे: यंत्रातील प्रत्येक साधनाविषयी तीनच गोष्टी विचाराव्या, ते किती वापरात आहे, त्याच्यापुढे रांग किती आहे, आणि ते चुका करीत आहे काय. जे साधन आपल्या ओळखीचे, ज्याचा आलेख आपणांस वाचता येतो, त्याचीच झडती पुन्हापुन्हा घेत बसण्याच्या मनुष्यस्वभावावर ही पद्धत चांगला लगाम घालते. परंतु तिच्याही आधी फिर्यादीची जबानी नीट घ्यावी असे आम्ही म्हणू: मंद केव्हापासून, कोणते काम मंद, सर्वांस की एकास, दिवसभर की ठराविक वेळी. रोज रात्री बाराच्या ठोक्यास मंद होणाऱ्या यंत्राचे कारण त्या यंत्रात क्वचितच सापडते. त्या वेळी त्याच यजमानावरील सारी भावंडे विषाणूंची तपासणी नाही तर बॅकअप सुरू करीत असतात, आणि बॅकअपसाठी घेतलेला स्नॅपशॉट काम झाल्यावर कोणी पुसला नाही तर त्यानंतरचे प्रत्येक लेखन एका वाढत्या पुरवणी-फाइलीत जाऊन दिवसाही यंत्र जड होत जाते. आभासी जगाने चौकशी करणाऱ्यास एक विलक्षण सोयही दिली आहे: चालते यंत्र न थांबविता एका यजमानावरून उचलून दुसऱ्यावर ठेवता येते. ते तेथे सुधारले तर दोष जुन्या यजमानाच्या वाटणीत. तेथेही तसेच राहिले तर प्रोसेसर आणि रॅम यांची बहुतांशी सुटका, आणि संशय स्टोरेजकडे किंवा, अधिक वेळा, खुद्द प्रोग्रामकडे वळतो. डेटाबेसात एक सूची करावयाची राहून गेल्याने लाखो ओळी दर वेळी नव्याने चाळल्या जात असताना नियंत्रकाच्या दप्तराची महिनोन्‌महिने झडती चाललेली असणे, ही या धंद्यातील नित्याची करमणूक आहे.

हा सर्व विचार आपला यजमान आपल्या ताब्यात असेल तोवरचा. २००६ साली ॲमेझॉनने आभासी यंत्रे भाड्याने देण्यास आरंभ केल्यापासून असंख्य अतिथी अशा यजमानांवर राहू लागले आहेत, की ज्यांचे दप्तर पाहण्याची भाडेकऱ्यास मुभाच नाही. त्याच्या हाती उरतो तो स्टीलचा एक रकाना आणि आपल्या स्वतःच्या मागण्यांस लागणारा वेळ. त्या रकान्याचा अर्थही येथे बदलतो. २०१४ मध्ये निघालेल्या ‘टी२’ वर्गातील सर्वांत लहान यंत्रांपैकी ‘मायक्रो’ यास दर तासाला सहा मिनिटे पूर्ण वेगाने चालण्याचा हक्क जमा होतो. साठविलेला हक्क संपला की ते एका गाभ्याच्या दहा टक्क्यांवर येऊन रांगू लागते आणि स्टीलचा रकाना भरून वाहतो. तो वेळ कोणा शेजाऱ्याने पळविलेला नसतो. करारपत्रातच तो दिलेला नसतो, आणि करारपत्र बहुधा कोणी वाचलेले नसते. शेजाऱ्याचाच उपद्रव असेल तर त्यावर एक उपाय सर्वांस ठाऊक आहे: यंत्र नुसते रीबूट केले तर ते त्याच यजमानावर राहते, पण पुरते थांबवून पुन्हा सुरू केले की ते बहुधा निराळ्या यजमानावर उभे राहते. पुष्कळ कारभारी कारणाच्या भानगडीत न पडता हेच करतात. तक्रार मिटते, आणि नोंदीवर ‘निकाली’ असा शेरा पडतो.